माहीम रस्त्यावरचा दुसरा हॉर्न

मी एका माणसाचा पाय मोडला आहे. मारामारीत नव्हे. मारामारीत मोडला असता तर दोघांनाही खुमखुमी होती, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. मी तो दिवसाढवळ्या, शुद्धीत, खिशात लायसन्स असताना आणि शिकवल्याप्रमाणे हॉर्न देऊन मोडला. ज्याचा मोडला त्याचं पोट त्या पायावर होतं. माहीमच्या वाड्यांमधली विड्याची पानं करंड्यांत भरून, सायकलवर लादून, रोज पालघर स्टेशनला सकाळच्या गाडीवर पोचवायची हा त्याचा धंदा. पाय गेला की सायकल गेली, आणि सायकल गेली की पानं दुसरा कुणीतरी नेणार, इतका तो सरळ हिशोब होता.

पासष्ट-सहासष्टचा सुमार असेल. तारापूरला मोठं बांधकाम निघालं होतं आणि आमच्यासारखी घाटावरची बरीच माणसं पोटासाठी खाली उतरली होती. मी नगरकडचा, एका कंत्राटदाराकडे ओव्हरसियर. पालघरहून माहीमला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक टेकडी फोडून खडी काढत. ती ट्रकांनी पालघर, बोईसर करत बांधकामावर जाई. खाणीवरची देखरेख माझ्याकडे होती. त्यासाठी एक जुनी जीप आणि एक ड्रायव्हर दिला होता. ड्रायव्हर भावाच्या लग्नाला म्हणून गेला तो गेलाच. मी दोनच महिन्यांपूर्वी गाडी शिकलो होतो. मीच चाक हातात घेतलं. वय चोवीस आणि बुडाखाली जीप, मग काय विचारता. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

रस्ता कसला, डांबराची एक पट्टी. एक ट्रक गेला की भरली. दोन्ही कडांना वाळू, आणि वाळूत बाभळीचे काटे, म्हणून सायकलवाले डांबर सोडायला नाखूश. सायकलीही काही थोड्या नव्हत्या. पानवाले, भाजीवाले, सुकी मासळी नेणारे, शाळामास्तर, सगळे त्याच पट्टीवरून.

त्यांच्या एका खोडीने मी हैराण झालो होतो. डाव्या कडेने नीट चाललेला भला माणूस, मी मागून हॉर्न दिला की बाजूला व्हायचा सोडून तिरका उजवीकडे यायचा. माझ्या पुढ्यातून रस्ता ओलांडायचा, उजव्या कडेला एक पाय टेकून उभा राहायचा, आणि वर माझ्याकडे बघून हात पुढे करायचा. चेहऱ्यावर हसू. जसं काही मी त्याला खिडकीतून प्रसाद देणार आहे. मी करकचून ब्रेक मारून तोंडाचा पट्टा सोडला की ते हसू मावळायचं. हात मागे घेऊन, सायकल सावरून तो खालमानेने निघून जायचा.

एकदा झालं, दोनदा झालं. मग हे रोजचंच होऊन बसलं. त्यात मी पाहत होतो की आमच्या ट्रकवाल्यांना हेच लोक मुकाट वाट देतात. ट्रकवाले पंजाबी, वयाने मोठे, हॉर्नवर हात ठेवला की अर्धा मैल उचलायचे नाहीत. त्यांना वाट आणि मला आडवं? मी मनाशी ठरवून टाकलं की हा पोरसवदा साहेब, परक्या मुलखातला, म्हणून ही माणसं माझी थट्टा करतात. मी हॉर्न कसा देत होतो याचा विचार करायचं मला सुचलं नाही. नगरला ज्याने गाडी शिकवली त्याने बजावलं होतं की माणूस दिसला की दोनदा द्यायचा, कारण एकदा दिलेला लोकांना ऐकू येत नाही. मी आज्ञाधारकपणे प्रत्येक सायकलमागे दोनदा देत होतो.

शेवटी मी या लोकांना शिकवायचंच असा विडा उचलला. माहीमच्या सरपंचांना भेटलो. त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात तीस-चाळीस सायकलवाले गोळा केले. मी खडूने रस्ता काढला, स्वतः एक सायकल घेऊन त्यावरून फिरून दाखवलं. "हॉर्न ऐकला की कुठे जायचं?" मी विचारलं. "डाव्या अंगाला," सगळे एका सुरात म्हणाले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात एक सडसडीत माणूस उठला. पंचेचाळिशीचा, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर उपरणं. तोच हा पानवाला. नम्रपणे म्हणाला, "साहेब, आनि दोनदा वाजवला तर?"

सगळं पटांगण हसलं. मी भडकलो. माझी टर उडवायलाच प्रश्न काढला असं मला वाटलं.

"दोनदा काय, दहादा वाजवला तरी डावीकडेच," मी म्हणालो. "कळलं का?"

"बरं साहेब," म्हणून तो खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं होतं हे दिसत होतं. मी त्याला बोलू दिलं नाही. इतकी वर्षं झाली, पण त्याचं ते अर्धवट उघडलेलं तोंड आठवलं की मला माझ्या कानफटात मारून घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर दहाएक दिवसांनी ते झालं. सकाळची वेळ होती. मी खाणीवरून पालघरला निघालो होतो. पुढे तो होता, कॅरियरवर दोन करंड्या, वरून केळीची पानं बांधलेली. रस्ता मोकळा होता. मी दोनदा हॉर्न दिला आणि वेग कमी केला नाही, कारण आता हे लोक शिकलेले आहेत अशी माझी खात्री होती. त्याने मान किंचित वळवली आणि हँडल उजवीकडे वळलं.

मला आजही सांगता येत नाही की मी ब्रेक आधी दाबला की ओरडलो आधी. आवाज फार मोठा झाला नाही. करंडी फुटल्याचा करकर आवाज आला, मग जीप थांबली, आणि मग पानं. काचेवर, बॉनेटवर, रस्त्यावर हिरवीगार पानं. तो त्या पानांत बसलेला होता, पडलेला नव्हे, बसलेला. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. तो त्या पायाकडे बघत होता, आणि तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा असा त्याचा चेहरा होता. मी चाक धरून बसूनच होतो. पानमळ्यातून दोघे धावत आले, त्यांनीच त्याला उचलून जीपमध्ये मागे घातलं आणि मला हलवून म्हणाले, "साहेब, चला. गाडी चालवा."

पालघरला डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर त्याला निजवलं. डॉक्टर पायाला फळ्या बांधत होते. घामाने त्याचं उपरणं भिजलं होतं, पण तो कण्हत नव्हता. त्याने मला जवळ बोलावलं. मी शिव्या ऐकायच्या तयारीने वाकलो.

"साहेब," तो म्हणाला, "काय निरोप हाय?"

मला वाटलं याला भ्रम झाला. "कसला निरोप, मामा?"

"तुमी दोनदा वाजवलात नं. मला वाटलं, बस बंद पडली असेल, डायवरनी तुमच्याकडं दिलं असेल. आयचं औषध सांगितलेलं हाय त्याला."

डॉक्टरांनी फळी बांधता बांधता मान वर केली. ते तिथलेच होते. त्यांनी मला शांतपणे सांगितलं. माहीमची बस गेली बारा-पंधरा वर्षं एकच ड्रायव्हर चालवत होता. पालघरहून कुणाचं औषध, कुणाचं पत्र, मुंबईहून आलेला कुणाचा सांगावा, सगळं तो घेऊन येई. वाटेत तो माणूस सायकलवर दिसला की भोंगा दोनदा वाजवी. एकदा म्हणजे बाजूला हो. दोनदा म्हणजे थांब, तुझ्यासाठी काहीतरी आहे. ड्रायव्हर उजव्या खिडकीत बसणार, म्हणून सायकलवाल्याने उजव्या कडेला यायचं, हात पुढे करायचा. बस हळू होई, खिडकीतून पुडी हातात पडे. त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

म्हणजे इतके महिने मी रोज वीस-पंचवीस माणसांना सांगत होतो की तुमच्यासाठी काहीतरी आणलं आहे. ते हसत येत होते, हात पुढे करत होते, आणि मी त्यांना आईबहिणीवरून शिव्या देत होतो.

"पण मी शाळेत सांगितलं होतं ना, दोनदा वाजवला तरी डावीकडेच," मी म्हणालो. केविलवाणं बोलणं होतं ते, पण मी बोललो.

"सांगितलंत. मी मनाशी धरलंही होतं. पन हात आपसूक वळला, साहेब." मग समजूत घातल्यासारखं, "बाजूला व्हायला एक पुरे होता."

पोलीस ठाण्यातून जमादार आले. मी सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. माझ्याआधीच तो म्हणाला, "साहेबांची चूक नाय. मीच घाईनं आडवा गेलो." जमादारांनी मला विचारलं, "हॉर्न दिला होता?" मी म्हणालो, "दोनदा." त्यांनी लिहिता लिहिता पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग तो येणारच की." मला खटला झाला असता तर परवडलं असतं. प्रकरण तिथेच मिटलं, त्याच्या शब्दावर.

साडेतीन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. तेवढे दिवस मी रोज सकाळी त्याच्या वाडीवर जाऊन करंड्या जीपमध्ये घालून स्टेशनला पोचवल्या. कुणी मला थोर म्हणू नये. मला झोप लागत नव्हती म्हणून मी ते केलं. त्याची बायको करंड्या जीपपर्यंत आणून द्यायची, माझ्याशी एक अक्षर बोलायची नाही. ते मला योग्यच वाटायचं. तो मात्र ओटीवर पाय पसरून बसलेला, हसून म्हणायचा, "साहेब, गाडीची येळ झाली. निघा."

बसच्या ड्रायव्हरलाही मी जाऊन भेटलो. मला झापेल असं वाटलं होतं. पिकलेल्या मिशांचा तो माणूस माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसला. "मीच सवय लावली लोकांना," तो म्हणाला. "ट्रक आले तवाच मला सोडायला पायजे होती." त्या दिवसापासून त्याने भोंगा दोनदा वाजवणं बंद केलं. पुड्या आणि पत्रं तो माहीमच्या नाक्यावरच्या दुकानात ठेवू लागला. लोकांनी आपापली तिथून न्यायची. सगळं सुरक्षित झालं, आणि रस्त्यावर हात पुढे करून हसणारं कुणी दिसेनासं झालं.

पाय जुळला, पण दोन बोटांएवढा आखूड. चालताना तो झुकायचा. सायकल मात्र चालवता येत होती, पायडल मारताना दुखत नाही असं त्याचं म्हणणं. अडचण एकच होती. सायकलवरून उतरताना माणूस उजवा पाय मागून टाकतो आणि सगळा भार डाव्या पायावर घेतो. त्याचा डावा पाय तो भार पेलत नव्हता. घरच्या ओट्याला टेकून तो चढायचा आणि स्टेशनच्या कठड्याला धरून उतरायचा. मधल्या सहा-सात मैलांत त्याला उतरणं नव्हतं. मागून कुणी हॉर्न दिला, आणि जुन्या सवयीने त्याने दचकून डावा पाय खाली टाकला, की तो पडलाच म्हणून समजा.

म्हणून मी ट्रकवाल्यांकडे गेलो. खाणीच्या पायथ्याशी त्यांची चूल पेटलेली असायची. मी त्यांना माझी सगळी कहाणी सांगितली, काही लपवलं नाही. म्हटलं, लंगडा पानवाला पुढे दिसला की हॉर्न द्यायचा नाही. मागे राहायचं. रस्ता रुंद झाला की हळूच पुढे काढायचं, नाहीतर स्टेशनपर्यंत मागेच चालायचं. एक तरुण हसला, "साब, खडी के ट्रक को साइकिल के पीछे चलाएँ?" त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या सरदारजीने त्याला गप्प केलं. तो मला म्हणाला, "आप बेफिकर रहो. चाचा हमारा भी है."

आणि त्यांनी ते पाळलं. माझा विश्वास बसेना. ज्या माणसांचा हात हॉर्नवरून उठत नसे, ती पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने त्या सायकलमागे चालायची. पुढे मग कुठल्याच सायकलमागे ते उगाच हॉर्न देईनात. सायकलवालेही इंजिनाचा आवाज ऐकून आपणहून वाळूत उतरू लागले, ट्रकवाले हात वर करून राम राम करू लागले. मी खाणीवर आलेल्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी समोर उभं करून हा धडा द्यायचो. लोक मला हॉर्नवाला साहेब म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

पाच-सहा महिने असे गेले. पुढच्या सकाळबद्दल लिहायला मी पुष्कळ वर्षं घेतली. त्याची ती सायकलवरची शेवटची फेरी ठरली.

मुंबईहून मोठे साहेब तारापूरला यायचे होते आणि मला उशीर झाला होता. उशीर माझ्याच आळसाने. माहीम रस्त्यावरच्या वळणाला माझ्यापुढे खडीचे तीन ट्रक लागले, एकामागे एक, चालतायत की थांबलेत कळू नये इतके हळू. वळणामुळे आणि धुळीमुळे त्यांच्यापुढचं काही दिसत नव्हतं. मी घड्याळ पाहिलं. परत पाहिलं. डोक्यात सणक गेली. या लेकाच्यांना आजच रमतगमत जायचं आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो, आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. सोडला, परत दाबला.

पुढचा ट्रक थांबला. त्याच्या पुढचाही थांबला. ओरडण्याचे आवाज आले. मी जीपमधून उतरलो. तिन्ही ट्रकांना वळसा घालून पुढे जाईपर्यंत मला ठाऊक झालं होतं.

तो रस्त्यावर डाव्या कुशीवर पडला होता. सरदारजी त्याला मागून काखेत हात घालून उठवत होता. यावेळी हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा फुटला होता आणि तो उभा राहायला बघे तेव्हा पाय पुन्हापुन्हा खचत होता. बाकीचे दोघे ड्रायव्हर उकिडवे बसून पानं गोळा करत होते. एकेक पान उचलून, मांडीवर पुसून, करंडीत ठेवत होते. तो हसणारा तरुण त्यांतलाच. त्याने तोंड वर केलं आणि म्हणाला, "हॉर्न किसने मारा?"

सरदारजी माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, पण त्याआधी पानवाला बोलला. तो धापा टाकत होता, तरी मला पाहून त्याचा चेहरा निवळला. आता काळजी नाही, आपला माणूस आला, असा.

"साहेबांकडं बघू नका," तो त्यांना म्हणाला. "साहेब नाय वाजवनार. मागं दुसरं कोनतरी असेल."

मी उघडलेलं तोंड मिटलं. मी मान वळवून मागे पाहिलं, तिथे खरंच कुणी असावं तसं. तीन ट्रक होते, त्यांच्यामागे दार उघडं टाकलेली माझी जीप होती, आणि तिच्यामागे रस्ता पार खाणीपर्यंत रिकामा होता.